पाठ आणि खांदा

निकोलाय गोगोलची ‘ओव्हरकोट’ ही कथा 1842 साली प्रसिद्ध झाली. तिच्याविषयी बोलणं निघालं की गरीब कारकुनाची परवड आणि सरकारी कचेरीचा निर्दयपणा या दोन गोष्टी हमखास निघतात. त्या खऱ्याच आहेत. पण दर वाचनात माझं लक्ष अधिकाधिक कापडाकडे जातं. अंगावरचा कोट नेमका कुठे विरलाय, वारा कुठून आत शिरतो, अस्तर कसलं आहे, कॉलर किती उरली आहे, याचा इतका बारीक हिशेब ठेवणारी दुसरी कथा मी वाचलेली नाही. माझ्या मते ही आधी थंडीची आणि शिवणकामाची कथा आहे. तशी वाचली तर तिच्यातली करुणा शोधावी लागत नाही. ती पाठीच्या दोन-तीन भोकांतून आपोआप आत येते.

कथेचं गाव पीटर्सबर्ग. पीटर बादशहानं 1703 साली नेवा नदीच्या मुखाशी, दलदलीत वसवलेली राजधानी. ती जवळपास 60 अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरात तिथे दिवस जेमतेम सहा तासांचा असतो. सायबेरियात पारा याहून किती तरी खाली जातो, पण पीटर्सबर्गला फिनलंडच्या आखातावरून ओला वारा येतो, आणि ओल्या थंडीपुढे जाड कापडही लवकर हात टेकतं. गोगोल दक्षिणेचा, युक्रेनमधल्या पोल्तावा भागातला. 1828 च्या डिसेंबरात, एकोणिसाव्या वर्षी, तो या शहरात आला आणि काही काळ त्यानं सरकारी कचेरीत खालच्या पायरीची कारकुनी केली. उन्हाळी कोटावर आपण हिवाळा काढला, असं त्यानं आईला पत्रातून कळवलं होतं. पुढे बारा वर्षांनी कथा लिहिताना थंडी कुठे लागते हे त्याला कुणाला विचारावं लागलं नाही.

कथेचा नायक अकाकी अकाकियेविच बाश्माच्किन. ‘बाश्माक’ म्हणजे बूट, म्हणजे माणसाचं आडनावच पादत्राणातून आलेलं. हुद्दा नवव्या श्रेणीचा, काम कागदांच्या नकला करण्याचं, पगार वर्षाला 400 रूबल. त्याचा रापलेला, सुरकुतलेला चेहरा सांगून झाल्यावर निवेदक म्हणतो, काय करणार, दोष पीटर्सबर्गच्या हवेचा. पहिल्या वाचनात हे वाक्य निव्वळ गंमत म्हणून निसटून जातं. ते लक्षात ठेवावं, कारण ही हवा कथेत पुन्हा येणार आहे.

बर्फही पहिल्यांदा येतो तो आभाळातून येत नाही. कचेरीतली तरुण मंडळी अकाकीची टिंगल करतात, कागदाचे कपटे त्याच्या डोक्यावर उधळतात आणि बर्फ पडतोय म्हणतात. या ओळीपाशी मी दर वेळी थांबतो. थंडीचं वर्णन सुरू व्हायला अजून काही पानं आहेत. खोलीत शेगडी असेल, माणसं हसताहेत, आणि या एका माणसाच्या डोक्यावर हिवाळा सुरू झालाय. तोही कागदाचा, म्हणजे ज्या वस्तूवर त्याचं सगळं आयुष्य चाललंय तिचा. पुढे खऱ्या बर्फात तो जीव टाकायला निघेल तेव्हा हे कपटे आठवतात.

मग खरी थंडी येते. वर्षाला चारशे रूबल मिळवणाऱ्यांचा एक बलाढ्य शत्रू या शहरात आहे, असं सांगून गोगोल त्याला रस्त्यावर उभा करतो. सकाळी नवाच्या सुमाराला, कचेऱ्यांकडे जाणाऱ्यांनी रस्ते भरलेले असताना, हा शत्रू येईल त्याच्या नाकाला चिमटे काढू लागतो. नाक कुठे लपवावं हे बिचाऱ्या कारकुनांना कळत नाही. वरच्या हुद्देदारांची कपाळं ठणकतात, डोळ्यांत पाणी येतं; खालच्यांना तर काही आडोसाच नाही. उपाय एकच. पातळ कोटात पाच-सहा रस्ते होता होईल तितक्या वेगानं पळत जायचं आणि कचेरीच्या दाराशी, दरवानाच्या खोलीत, पाय आपटत राहायचं. नोकरीला लागणारी गोठलेली बुद्धी वितळेपर्यंत. धावून रक्त गरम ठेवणं आणि पाय आपटून ते बोटांपर्यंत पोचवणं, ही पैसे नसलेल्यांची ऊब. गोगोल ती हसत हसत सांगतो, पण रीत अगदी बरोबर सांगतो.

या धावण्यातच अकाकीच्या लक्षात येतं की हल्ली पाठीला आणि खांद्याला जरा जास्तच लागतंय. रशियन मजकुरात इथे वापरलेलं क्रियापद भाजण्याचं आहे. थंडी भाजते. मराठी वाचकाला हे पटवून द्यावं लागत नाही. आपल्याकडेही पिकं थंडीनं करपतात आणि खानदेशात केळीला थंडी बाधली की शेतकरी त्याला ‘चरका’ म्हणतो. कडाक्याच्या थंडीची पहिली जाणीव आगीसारखीच असते, आणि ज्यानं ती अंगावर घेतली आहे त्याच्याच भाषेत ती तशी उतरते.

घरी येऊन अकाकी कोट तपासतो. पाठीवर आणि खांद्यांवर दोन-तीन ठिकाणी कापडाची जाळी झालेली असते, आरपार दिसतं, आतलं अस्तर फाटून गेलेलं. कचेरीतले लोक त्याच्या या वस्त्राला कोट म्हणतच नाहीत, ‘कपोत’ म्हणतात, म्हणजे बायकांचा घरात घालायचा झगा. आणि मग येतो तो तपशील, ज्यासाठी मी ही कथा कुणालाही वाचायला देईन. कोटाची कॉलर दर वर्षी लहान लहान होत गेलेली असते, कारण तिचंच कापड काढून बाकीच्या भागांना ठिगळं लावली जातात. गरिबीचं याहून नेमकं वर्णन मला माहीत नाही. मान उघडी पडते तेव्हा कुठे पाठ झाकली जाते. अंगाच्या एका भागाची ऊब दुसऱ्या भागाला उसनी द्यायची, आणि हे वर्षानुवर्षं चालवायचं. कोटात आता घेण्यासारखं काही उरलेलं नाही, हे गोगोलला वेगळं सांगावं लागत नाही. कॉलर संपत आली आहे, एवढं पुरतं.

शिंपी पेत्रोविच मागच्या जिन्यानं चौथ्या मजल्यावर राहतो. एका डोळ्यानं अधू, चेहऱ्यावर देवीचे व्रण. पूर्वी भूदास होता, आता मोकळा. अनवाणी पाय दुमडून टेबलावर बसलेला, सुईत दोरा ओवायला धडपडत असलेला. तो कोट उचलतो, उजेडाकडे धरतो, मान हलवतो, तपकीर ओढतो, पुन्हा मान हलवतो. निकाल देतो: दुरुस्त होणार नाही. अकाकी अजिजी करतो की फक्त पाठीवर जरासं, आणि एका खांद्यावर. पेत्रोविचचं उत्तर शिंप्याचं उत्तर आहे: ठिगळ लावीन, पण ते धरून ठेवायला खाली काही नाही, टाका बसणार कशावर? वारा आला की सगळंच उडून जाईल. याचं आता काय करायचं, तर पायाला गुंडाळायच्या पट्ट्या करा, पायमोज्यांनी ऊब येत नाही, ते जर्मनांनी पैसे उकळायला काढले आहेत. या बोलण्यात कुणी खलनायक नाही. पेत्रोविच खरं तेच सांगतो. कापडाला आयुष्य असतं, आणि एका हद्दीनंतर रफूही लागत नाही.

नव्या कोटाचा भाव तो दीडशेच्या वर सांगतो आणि शेवटी ऐंशीला तयार होईल हे अकाकीला ठाऊक आहे. ऐंशी म्हणजे वर्षाच्या पगाराचा पाचवा हिस्सा. खर्च होणाऱ्या प्रत्येक रूबलमागे एक लहानसं तांब्याचं नाणं टाकायची त्याला सवय असते. पेटीत काही वर्षांचे चाळीसेक रूबल जमलेले असतात. उरलेल्या चाळिसांसाठी तो संध्याकाळचा चहा आणि रात्रीचं पोटभर जेवण सोडतो. मेणबत्ती सोडतो, काम असलं तर घरमालकिणीच्या खोलीत उजेडाला बसतो. तळवे झिजू नयेत म्हणून रस्त्यावर चवड्यांवर चालतो. कपडे धुवायला कमी द्यावे लागावेत म्हणून घरी आल्याबरोबर आतले कपडे उतरवतो आणि एका जुन्या सुती झग्यात राहतो. ही यादी पुन्हा वाचून पाहावी. गरम पेय, दिवा, अंगालगतचा कपडा, रात्रीचं पोटभर अन्न. तो सोडतोय ते सगळं ऊब देणारं आहे. जानेवारीतली ऊब विकत घेण्यासाठी तो ऑक्टोबरातली ऊब विकतो आहे.

तरी या महिन्यांत त्याची चाल ताठ होते, डोळ्यांत चमक येते. लग्न ठरलेल्या माणसासारखा तो वागू लागतो, आणि त्याची भावी सोबतीण म्हणजे जाड कापूस भरलेला, मजबूत अस्तराचा तो कोट. इथे भाषांतरात एक गोष्ट हरवते. रशियन ‘शिनेल’ हा शब्द स्त्रीलिंगी आहे. आपला कोट पुल्लिंगी. जुन्या वस्त्राला ठेवलेलं ‘कपोत’ हे नाव बायकी कपड्याचं असून शब्द पुल्लिंगी, आणि नवी शिनेल पुरुषाचा कपडा असून शब्द स्त्रीलिंगी. ही अदलाबदल मराठीत आणणं अवघड आहे. ‘गोधडी’ म्हटलं तर सोबतिणीची माया येते, पण गोधडी घालून कचेरीत जाता येत नाही.

प्रेमचंदांची ‘पूस की रात’ (1930) याच घरातली कथा आहे. हल्कूनं मजुरीतून तीन रुपये कांबळीसाठी साठवलेले असतात, ते देणेकऱ्याला जातात, आणि तो पौषातली रात्र शेतावर जबरा नावाच्या कुत्र्याला कुशीत घेऊन काढतो. हल्कूला निदान दुसऱ्या जिवाची ऊब मिळते, आंब्याच्या वाळक्या पानांची शेकोटी मिळते. अकाकीला शहरात दोन्ही नाहीत. त्याच्याजवळ ऊब म्हणजे फक्त अंगावर घालायची वस्तू.

म्हणून ती वस्तू कशी तयार झाली हे गोगोल सविस्तर सांगतो, आणि माझ्या मते कथेतली सगळ्यात सुंदर पानं हीच आहेत. सहा महिने शिंपी आणि गिऱ्हाईक दुकानांतून भाव पाहत हिंडलेले असतात. कापड उत्तम घेतात. अस्तराला रेशीम परवडत नाही, तेव्हा घट्ट विणीचं जाड सुती कापड घेतात. पेत्रोविचच्या म्हणण्याप्रमाणे रेशमाहून टिकाऊ आणि दिसायलाही चकचकीत. कॉलरला मार्टेन या जनावराची फर हवी होती, पण ती महाग. मग दुकानात असेल ती सर्वोत्तम मांजराची फर घेतात, लांबून मार्टेनच वाटेल अशी. पेत्रोविचला दोन आठवडे लागतात, कारण आतल्या कापसाला टाके घालून तो बसवण्याचं काम फार. मजुरी बारा रूबल. शिवण सगळी रेशमी दोऱ्याची, बारीक, दुहेरी, आणि प्रत्येक शिवणीवरून पेत्रोविच स्वतःचे दात फिरवतो, त्यामुळे तिच्यावर नक्षी उमटते.

यातला एकही तपशील शोभेचा नाही. ऊब कापडात नसते, कापडात अडकून पडलेल्या हवेत असते. आपली गोधडीही त्यावरच चालते: थरांवर थर आणि ते सरकू नयेत म्हणून जवळजवळ घातलेले धावदोरे. कापूस एका जागी गोळा झाला की मधली जागा रिकामी पडते आणि थंडी तिथूनच येते. दोन आठवड्यांचे टाके त्यासाठी आहेत. घट्ट विणीचं अस्तर आणि दुहेरी शिवण वारा अडवण्यासाठी. फर मानेपाशी आणि गालांपाशी हवा धरून ठेवण्यासाठी, आणि त्या कामात मांजर मार्टेनपेक्षा फार मागे नसावं. दातांनी दाबलेली शिवण चपटी बसते. पण त्या दातांच्या खुणांत आणखीही काही आहे. इतक्या जवळून, तोंडानं, अकाकीच्या कुठल्याही वस्तूला आजवर कुणी स्पर्श केला नव्हता. अकाकीसाठी सबंध शहरात कुणी मनापासून काही केलं असेल तर ते या दारुड्या शिंप्यानं. त्याच्या दातांचे ठसे अकाकीच्या खांद्यांवर आहेत.

कोट येतो तो सकाळी, कचेरीला निघायच्या वेळी, थंडी जोर धरत असताना. पेत्रोविच तो स्वतः घेऊन येतो, रुमालातून सोडवतो, दोन्ही हातांनी अकाकीच्या खांद्यांवर टाकतो, मागून ओढून सारखा करतो. बरोबर बसतो. अकाकी निघतो तेव्हा पेत्रोविच त्याच्यामागे रस्त्यावर येतो, बराच वेळ दुरून कोटाकडे पाहत राहतो, आणि मग एका आडव्या गल्लीतून पळत पुढे जाऊन तोच कोट समोरून बघतो. मोठ्या लेखकाची खूण मला अशा ठिकाणी पटते. कथेच्या दृष्टीनं या पळण्याची काही गरज नव्हती. अकाकीला चालताना क्षणोक्षणी खांद्यांवर नव्या कोटाची जाणीव होते आणि तो मनाशी हसतो. त्याला दोन गोष्टी सापडल्या आहेत: हा उबदार आहे, आणि हा चांगला आहे. रस्ता कधी संपला ते त्याला कळत नाही. आदल्या दिवशी हाच रस्ता तो धावत होता.

चोरी झटपट होते. त्याच रात्री, वरिष्ठाच्या घरची मेजवानी आटोपून परतताना, एका विस्तीर्ण ओसाड चौकात मिशावाले काही जण कोट उतरवून घेतात. शुद्धीवर येतो तेव्हा त्याला आधी थंडी जाणवते, मग कोट नसल्याचं कळतं. क्रम हाच आहे आणि तो बरोबर आहे. अंगाला आधी कळतं. एक दिवस सोडून तो जुन्या झग्यात कचेरीत येतो. पुढे जनरलच्या हुद्द्याच्या एका ‘मोठ्या माणसा’कडे दाद मागायला जातो आणि तिथून खरडपट्टी ऐकून बाहेर पडतो तेव्हा रस्त्यावर हिमवादळ असतं, चारही दिशांनी वारा. तो तोंड उघडं ठेवून चालतो. घसा सुजतो, ताप चढतो, आणि पीटर्सबर्गच्या हवेच्या उदार मदतीमुळे दुखणं अपेक्षेपेक्षा लवकर पुढे सरकतं. पहिल्या पानावर चेहऱ्याच्या रंगासाठी जिला दोष दिला होता, ती हवा इथे काम पुरं करायला परत आली आहे. तिथे हसलेला वाचक इथे हसू शकत नाही, आणि शब्दांचा सूर मात्र तसाच हलका आहे. मागे राहतं ते हंसाच्या पिसांच्या लेखण्यांचं एक बंडल, कोरे सरकारी कागद, पायमोज्यांचे तीन जोड, विजारीची दोन-तीन बटणं, आणि तो झगा.

या कथेचं बीज पावेल आनेन्कोव्हच्या आठवणींत सापडतं. मित्रांच्या बैठकीत कुणी एका कारकुनाचा किस्सा सांगितला. शिकारीचा शौकीन. पोटाला चिमटा घेऊन त्यानं एक भारी बंदूक घेतली, आणि पहिल्याच दिवशी फिनलंडच्या आखातात, होडीतून जाताना, ती लव्हाळ्यात अडकून पाण्यात गेली. तो अंथरुणाला खिळला; सहकाऱ्यांनी वर्गणी काढून नवी बंदूक दिली तेव्हा उठला. सगळे हसले, गोगोल विचारात पडला. त्यानं बंदुकीच्या जागी कोट ठेवला आणि सगळं बदललं. बंदूक गेली तर माणूस झुरतो. कोट गेला तर तो गारठतो. हौशीच्या जागी गरज आली आणि गरजेबरोबर सबंध शहराचा हिवाळा कथेत आला. वर्गणी मात्र गोगोलनं ठेवली आहे; कचेरीतली माणसं ती गोळा करतात आणि ती अगदीच किरकोळ निघते.

शेवटचा भाग भुताचा. कालिन्किन पुलापाशी रात्री एक भूत हिंडतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे कोट ओढून घेतं, हुद्दा न बघता. मांजराची फर, बीव्हरची, कोल्ह्याची, अस्वलाची, कापूस भरलेले, माणसानं स्वतःची कातडी झाकायला आजवर जे जे शोधून काढलं ते सगळं. बऱ्याच जणांना हा भाग उपरा वाटतो, वास्तव कथेला जोडलेलं शेपूट वाटतं. मला तसं वाटत नाही, आणि माझा पुरावा एका तक्रारीत आहे. शहरभरातून तक्रारी येऊ लागतात की कोट ओढले गेल्यामुळे खालच्याच नव्हे, तर अतिउच्च अधिकाऱ्यांच्याही पाठी आणि खांदे गारठून जाताहेत. पाठ आणि खांदा. धावताना अकाकीला जिथे पहिल्यांदा भाजलं होतं त्याच दोन जागा. त्याच्या कोटाच्या जाळीतून आलेली थंडी आता सगळ्या शहराच्या पाठीवर पसरली आहे.

भूत शेवटी त्या मोठ्या माणसाच्या घसरगाडीपाशी येतं. तो ऊबदार कोटात लपेटून बसलाय, वारा बर्फाचे कण त्याच्या तोंडावर मारतोय, कॉलर शिडासारखी फुगवतोय. इथे कॉलर भरपूर आहे. तिलाच मागून हात पडतो. त्यानंतर भूत पुन्हा कधी कोट ओढत नाही, आणि गोगोल त्याचं कारण शिंप्याच्या भाषेत देतो. कथा घरात असेल तर पेत्रोविच दोन्ही हातांनी कोट अंगावर टाकतो ते पान आणि हे पान समोरासमोर ठेवून वाचा. जनरलचा कोट त्या भुताला खांद्यांत अगदी बरोबर बसला असावा, असं तिथे लिहिलं आहे.